जोडीचं वजन

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर पिंपचा, तिच्या जोडीदारणीचा, फोटो आला आणि एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवस्थेत ती स्वयंपाकघराच्या दारात थबकली. वजनकाटा नेहमीचाच होता, कोपऱ्यावरचा टवका उडालेला. खालची राखाडी फरशी तीच. आकडाही धक्का बसावा असा नव्हता, अठ्ठावन्न पूर्णांक एक. फक्त पाय दुसऱ्या कुणाचे होते. पिंपच्या उजव्या पायाचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं आणि करंगळी लाजल्यासारखी आत वळलेली होती. या पायांची बोटं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत शहाण्यासारखी उतरत गेली होती, कातडी घट्ट होती, टाचेला भेग म्हणून नव्हती. फार तर पंचविशीतले पाय. चेहरे ती सर्रास विसरायची, लग्नसमारंभात लोकांना भलत्याच नावाने हाका मारायची, पण एकदा हाताखालून गेलेला पाय विसरत नसे. एकोणीस वर्षं ती पायांचीच मापं घेत होती. "फसवतेय मला बया," ती मोठ्याने म्हणाली.

"कोण फसवतंय?" चहात बिस्किट बुडवता बुडवता नवऱ्याने विचारलं. त्याच्या हातातलं ते चौथं बिस्किट होतं. त्याने बिस्किटांचा डबा रिकामा केला तरी अंगाला काही लागायचं नाही, आणि सव्वीस वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट तिला त्याला माफ करता आली नव्हती. "काही नाही," ती म्हणाली. "मग काट्यावरून उतर आता. काट्यावर उभं राहून वजन कमी होत नसतं, उतरून चालावं लागतं." हा विनोद तो दोन वर्षं दर सोमवारी करत होता. ती काट्यावर नव्हतीसुद्धा. तिचा फोटो पावणेसातलाच गेला होता, चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा. गेल्या सोमवारी चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा, त्याच्या आधीच्या सोमवारीही तेच. अकरा आठवडे आकडा तिथे ठाण मांडून बसला होता.

ग्रुपचं नाव होतं 'हलक्या'. पंचेचाळिशी ओलांडलेल्या चाळीसेक बायका, कुठकुठल्या गावांतल्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या. चेहरा दाखवायचा नाही, फक्त काट्यावरचे पाय आणि आकडा, सोमवारी आठच्या आत. आणि नावं खरी लावायची नाहीत. जगाने ज्या नावाने तुम्हाला चिडवलं ते लावायचं. ठरवलेल्या वजनाला पोचलात की ते नाव गळून पडणार आणि सगळ्यांसमक्ष खरं नाव परत मिळणार. ही कल्पना कॅप्टनची. ती एके काळी रणगाडा होती, तीस किलो उतरवून कॅप्टन झाली होती आणि तेव्हापासून आपण जन्मालाच सडपातळ आलो अशा थाटात बोलायची. ग्रुपात ढब्बी होती, गोणी होती, भोपळा होता. ही ढोली. हे नाव तिला मोठ्या भावाने दिलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आई भावाच्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढायची आणि हिच्याकडे न बघता म्हणायची, "तुझं झालंय." आपलं झालंय की नाही हे दुसऱ्याने ठरवायची सवय तिला तेव्हापासून लागली ती लागलीच, पुढे पंचेचाळीस वर्षं ती कपाटाआड, जिन्यात, कामावर मागच्या खोलीत, जिथे कुणी 'झालंय' म्हणणार नाही अशा ठिकाणी उभ्याउभ्या खात आली. ग्रुपवर पहिल्यांदा हे लिहिलं तेव्हा पाच मिनिटांत सतरा जणींनी 'मीपण' असं उत्तर दिलं होतं. ती त्या दिवशी फोन उराशी धरून रडली होती. ते रडणं खरं होतं. पुढे जे झालं त्यामुळे ते खोटं ठरत नाही, असं ती स्वतःला सांगते.

ग्रुपात येण्याआधीची एक दुपार होती. ती काम करायची तो कारखाना म्हणजे खरं तर एक मोठी खोली आणि मागे एक छोटी. पायांच्या दुखण्यांसाठी बूट बनवणारे मास्तर, दोन शिवणारे आणि माप घेणारी ही. माप घ्यायचं तर गुडघ्यावर बसावं लागतं. त्या दुपारी एका काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांचं माप घेऊन ती उठायला गेली आणि उठताच येईना. एकदा जोर केला, दोनदा केला, तिसऱ्यांदा हसून बघितलं. शेवटी त्या गृहस्थांनी काठी भिंतीला टेकवली, आणि ज्यांना स्वतःला धड उभं राहता येत नव्हतं त्यांनी हात पुढे केला. "या, बाई," ते म्हणाले. इतक्या प्रेमाने म्हणाले की त्यांचे बूट तयार होईपर्यंत महिनाभर ती त्यांचा राग राग करत होती.

पिंप तिला पहिल्या वर्षीच भेटली, म्हणजे तिचे पाय भेटले. पण जोडी जमली ती या फेरीत. फेरी सोळा आठवड्यांची, आणि या वेळी कॅप्टनने नवीन टूम काढली होती: दोघीदोघींच्या जोड्या करायच्या आणि दोघींचं मिळून किती वजन उतरलं ते धरायचं. एकीचे पाय लटपटले तर दुसरीने ओढून न्यायचं. ऐकायला किती छान. पहिले चार आठवडे हिने ओढलं. पिंपला रोज सकाळी मेसेज करायचा, चालून आलात का, पाणी प्यायलात का, साखर सोडलीत का. पिंप घाबरट आणि गोड होती, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ना' लावायची. मग हिचा आकडा अडला आणि पिंपचा घसरायला लागला. एका आठवड्यात किलो, पुढच्यात दीड. दर सोमवारी दोघींची जोडी यादीत वर सरकत होती, नवव्या आठवड्याला पहिली आली, आणि मग तिथून हलली नाही. चाळीस जणी अभिनंदन करायच्या ते दोघींचं करायच्या. ढोलीताई, काय जोडी आहे तुमची! आणि ढोलीताई, जिचं तेव्हापासून अर्धा किलोही कमी झालं नव्हतं, ती हात जोडलेलं चित्र पाठवायची. खोटं कशाला बोला, तिला ते आवडत होतं. नुसतं आवडत नव्हतं, सोमवारची वाट बघावी इतकं आवडत होतं. बाराव्या आठवड्यात पिंप बासष्टवर आली आणि तिला खरं नाव परत मिळालं. पडद्यावर ते नाव उमटलं, फुलं बरसली, पण सगळ्या जणी दुसऱ्या दिवसापासून तिला पुन्हा पिंपच म्हणायला लागल्या. जिभेला वळण पडलेलं. पिंपने त्या दिवशी एवढंच लिहिलं होतं: "बाई, हे नाव कुणाचं ते मलाच आठवावं लागलं ना."

तर अशा त्या पिंपने आता शेवटाला येऊन, एक आठवडा उरला असताना, भलतीला काट्यावर उभं करावं. कॅप्टनच्या लक्षात आलं तर जोडी बाद. कामावर जाताना रस्ताभर तिचा जीव चडफडत होता. पंधरा आठवडे काकडी चावली, गुडघे दुखेतोवर चालले, ते हिच्या नखऱ्यापायी पाण्यात घालवायचं काय? कारखान्याचं कुलूप उघडता उघडता तिने पिंपला वेगळा मेसेज केला: "हे पाय तुमचे नाहीत." नमस्कार नाही, चमत्कार नाही.

उत्तर आलं नाही. सकाळची गिऱ्हाइकं आली. तिसरी एक बाई होती, शाळेत शिकवणारी, दिवसभर उभी राहणारी. तिने मोजे काढले आणि घोट्याच्या वर इलॅस्टिकचा वळ दिसला, खोल, दोरी आवळून बांधावी तसा. हिने सवयीने वळाखाली अंगठा दाबला, पाच मोजले, उचलला. खड्डा तसाच राहिला. "आज माप नाही घेता येणार," ती म्हणाली. "आधी डॉक्टरांना दाखवून या. सूज कशामुळे आहे ते कळू दे, मग बूट." हा मास्तरांचा नियम. सुजलेल्या पायाचं माप घ्यायचं नाही, आणि डॉक्टरकडे पाठवल्याशिवाय गिऱ्हाइकाला दारातून सोडायचं नाही. हे वाक्य ती आठवड्यातून दोनतीनदा तरी बोलते, झोपेतून उठवलं तरी बोलेल. शिक्षिका म्हणाली, "अहो, सगळ्यांनाच येते की थोडीफार." "येते," ती म्हणाली, "पण जाऊन याच," आणि बोलता बोलता तिच्या हातातली मापाची फीत सुटून खाली पडली.

कारण असाच वळ तिने आधी पाहिला होता. दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा. पिंपची पावलं वरून वाळत चालली होती, बोटांच्या शिरा दिसायला लागल्या होत्या, आणि घोटे मात्र फुगलेले. त्यावर मोज्याचा वळ. अंग उतरलेल्या माणसाचे घोटे असे फुगत नाहीत. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. अकराव्यात वळ होता, बाराव्यात होता, ज्या फोटोवर फुलं बरसली त्याच फोटोत. चौदाव्यात तर फोटोच्या कडेला आणखी एका पावलाचं टोक आलं होतं, कुणीतरी शेजारी उभं राहून धरलं असावं तसं, आणि पिंपचा सगळा भार टाचांवर होता, उभं राहता येत नसलेल्या माणसाचा असतो तसा. तिने तो फोटो मोठा करून पाहिला होता. मोठा करून, आकडा वाचून, लिहिलं होतं: "शाब्बास! आता मागे वळून बघायचं नाही." समोरची बाई मोजे घालत होती. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" तिने विचारलं. "नाही, बसून उठलं की होतं असं," ती म्हणाली.

दुपारी पिंपचा फोन आला. इतक्या दिवसांत त्या दोघी कधी फोनवर बोलल्या नव्हत्या. मागच्या छोट्या खोलीत फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या पावलांचे साचे ठेवलेले असतात, पांढरे, नंबर टाकलेले. बऱ्याच साच्यांची माणसं आता नाहीत, पण मास्तर साचे टाकून देत नाहीत. ती त्यांच्यामध्ये स्टुलावर बसली. आवाज तरुण होता.

"ढोलीताई का? म्हणजे, सॉरी, मला तुमचं नाव माहीत नाही. मी त्यांची मुलगी बोलतेय."

"बोल गं."

"आई गुरुवारी गेली. पोटाचा कॅन्सर होता. कळलं तेव्हा सगळीकडे पसरला होता. दोन आठवडे मिळाले फक्त." मुलगी भराभर बोलत होती, पाठ केलेलं असावं तसं, चार दिवसांत कितीजणांना सांगून झालं असेल. "तो फोटो मी टाकला. फसवायचं नव्हतं हो मला. आईनेच बजावलं होतं, दोन सोमवार राहिलेत, चुकवू नकोस, माझ्यामुळे ढोलीताईंचा नंबर जायला नको. दवाखान्यातून घरी आणलं ना, तेव्हाही मी धरून उभी करायचे तिला. तिला मी नको म्हणायचे. ती म्हणायची, त्या एकट्या मला रोज सकाळी विचारतात."

ती फळीवरच्या एका साच्यावरची धूळ बोटाने पुसत राहिली. आता येईल, आता येईल, असं तिच्या मनात चाललं होतं. सहाव्या आठवड्यात पिंपने लिहिलं होतं: "हल्ली भूकच लागत नाही ना. दोन घास खाल्ले की पोट भरतं. डॉक्टरकडे जाऊन यावं म्हणते." आणि हिने उत्तर दिलं होतं, तेही शेवटी हसणारा चेहरा टाकून: "नशीबवान आहात! आम्हाला तर उठल्यापासून भूक. फेरी संपू दे, मग जा. डॉक्टर काय, आधी खा म्हणतील." एकेक शब्द तिला पाठ होता. पिंपने त्यावर "बरं ना" असं लिहिलं होतं.

पण मुलीने ते काढलं नाही. ती म्हणाली, "आई सांगायची, तुम्ही पायांचंच काम करता. खरं का?"

"हो."

"मग एक विचारू? पायांवरून कळतं का हो काही? फोटोत? सारखं मनात येतं. मी घरात होते, रोज तिचे मोजे मीच काढायचे. मला वाटायचं, वय झालं, वजन उतरतंय, येत असेल सूज. कुणाला कळण्यासारखं होतं का?"

एवढाच प्रश्न होता. 'होतं, मला कळत होतं, तुला कळण्यासारखं नव्हतं,' असं म्हटलं असतं तर त्या पोरीच्या मानेवरचं जू तेवढ्यात उतरलं असतं. आणि हिच्या मानेवर आलं असतं. मागच्या खोलीत कुणी नव्हतं, तरी तिने आवाज खाली घेतला.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "फोटोत काय कळणार?"

"हं," मुलगी म्हणाली. "म्हणजे जवळ असणाऱ्यालाच कळायला हवं होतं."

"तसं नव्हे गं."

"नाही, बरोबरच आहे. आणखी एक. आईचा फोन मी आता बंद करणार आहे. तुमचे दोघींचे खूप मेसेज आहेत. मी वाचलेले नाहीत, तिचं खाजगी. तुम्हाला पाठवून देऊ का सगळे, आठवण म्हणून? की पुसून टाकू?"

"पुसून टाक," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली. मग सावरून म्हणाली, "उगाच तुला त्रास. माझ्याकडे आहेत ते." मुलीने आभार मानले. ग्रुपवर तुम्हीच सांगाल का, मला जमणार नाही, असं म्हणाली, आणि ही हो म्हणाली. पोरीने आभार मानले हेच तिला पुढे दिवसेंदिवस खुपत राहिलं.

मंगळवारी ती सांगणार होती. कॅप्टनने मंगळवारी शेवटच्या आठवड्याचे नियम टाकले, त्यात कसं सांगायचं म्हणून राहिलं. बुधवारी भोपळ्याचा वाढदिवस निघाला. गुरुवारी तिने चार ओळी लिहिल्या, 'आपली पिंप आपल्यात राहिली नाही', वाचल्या, आणि लक्षात आलं की हे वाचून पहिला प्रश्न येणार, 'कधी?' मग सोमवारच्या फोटोचं निघणार, पायांचं निघणार, आणि कुणीतरी शहाणी म्हणणार, ढोलीताई, तुमचं तर कामच पायांचं. चार ओळी तिने पुसल्या. या सगळ्या दिवसांत तिला घास उतरत नव्हता. ताटावर बसायची, भात कालवायची, पिंपचं 'दोन घास खाल्ले की पोट भरतं' आठवायचं आणि हात थांबायचा. कपाटाआडचा डबा तसाच राहिला. जिन्यात उभं राहून खाण्याची इच्छा, जी पंचेचाळीस वर्षं एक दिवस चुकली नव्हती, ती कुठे गेली कोण जाणे.

"अगं, खा की नीट," नवरा शनिवारी म्हणाला. "ती फेरी का फिरी, ती संपेल परवा. माणूस संपायला नको."

"तुझं चालू दे," ती म्हणाली, आणि त्याने खरंच चालू दिलं. तिला त्याच्या जेवणाकडे बघवेना, तरी ती बघत बसली. याला सांगितलं तर, तिच्या मनात आलं. तो म्हणेल, तू काय डॉक्टर आहेस का? सगळेच असं म्हणतील. मास्तर तेवढे म्हणणार नाहीत. मास्तर चष्मा वर करतील आणि विचारतील, वळ होता? मग पाठवलं का नाही डॉक्टरकडे? अगदी साधेपणाने विचारतील, एखादं माप चुकलं तर विचारतात तसं.

शेवटच्या सोमवारी ती साडेसहाला उठली. आधी ग्रुपवर सांगायचं, मग काटा, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. पण फोन हातात घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि पाय सवयीने काट्यावर पडले. आकडा थरथरला, स्थिर झाला. ब्याऐंशी पूर्णांक एक. ती उतरली, काटा सरळ केला, पुन्हा चढली. ब्याऐंशी पूर्णांक एक. आणि तिच्या पोटातून आनंद उसळून वर आला. त्याला काही अडवता आलं नाही. बारा आठवड्यांचं ते धरण फुटलं होतं, अडीच किलो, एका आठवड्यात अडीच किलो, आणि ती न्हाणीघरात एकटी उभी राहून हसत होती. हसू तोंडभर पसरल्यावर मग तिला लाज वाटली, आणि लाज वाटली तरी हसू लगेच गेलं नाही. तिने फोटो काढला. पाठवला. सांगायचं ते यानंतर लगेच, ती मनाशी म्हणाली, फोटो आठच्या आत जायला हवा, सांगणं केव्हाही चालतं.

फोनची टिकटिक सुरू झाली. ढब्बीने टाळ्या पाठवल्या. गोणीने लिहिलं, "ढोलीताई!! शेवटी काटा हलवलात!" कॅप्टनने लिहिलं, "बघा, याला म्हणतात जिद्द. बारा आठवडे हटल्या नाहीत. आता जोडीदारणीचा फोटो येऊ दे, पहिला नंबर तुमचाच." आणि एक नवीन बाई होती, दोनच आठवड्यांपूर्वी आलेली, अजून नाव न ठरलेली, तिने विचारलं, "असं काय केलंत हो ताई? आम्हालाही सांगा ना."

ते 'ना' वाचून ती थांबली. मग तिने लिहायला घेतलं. एकदा लिहिलं, खोडलं. शेवटी जे पाठवलं ते एवढंच: "काही नाही. भूक लागत नाही हल्ली."

नव्या बाईचं उत्तर लगेच आलं, शेवटी हसणारा चेहरा.

"नशीबवान आहात!"

काटा केव्हाच विझला होता, ती त्यावर तशीच उभी होती. बाहेर नवरा चहासाठी हाक मारत होता. ती हळूहळू खाली उतरली, भिंतीला धरून फरशीवर बसली आणि आपली पावलं समोर ओढून गिऱ्हाइकाची बघावीत तशी बघू लागली. घोट्याच्या वर, जिथे मोज्याचं इलॅस्टिक बसतं, तिथे अंगठा दाबला. पाच मोजले. मग आणखी पाच मोजले, दुखेपर्यंत दाबून धरलं, आणि अंगठा उचलला. खड्डा पडला नव्हता. पाय अगदी निरोगी होते.